"बारा सूर्यनमस्कार घातले असते तर..."

लॉकडाऊनमधल्या कॉलेजच्या पोरांच्या एन्झायटीचा विषय निघाला की कुणीतरी काका हमखास म्हणतात, "रोज बारा सूर्यनमस्कार घातले असते ना, तर काही झालं नसतं." परवा एका लग्नात परत ऐकलं. पंगतीत वाद घालता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

व्यायामाने जिवाची घालमेल कमी होते, हे मला मान्यच आहे. छाती धडधडणं, धाप लागणं, घाम फुटणं हे पळताना होतं आणि घाबरल्यावरही होतं. नेमाने पळणाऱ्याला धडधडीची भीती वाटेनाशी होते, झोपही बरी लागते. पण त्या काळात धाप लागणं हेच तर कोरोनाचं लक्षण होतं! जरा दम लागला की आई ऑक्सिमीटर पुढे करायची. २०२१ च्या लाटेत तर घरातच सहा मिनिटं चालून ऑक्सिजन घसरतोय का ते बघा, असं आरोग्य विभागच सांगत होता. म्हणजे चालणंसुद्धा तपासणी होऊन बसलं.

आणि मुळात पुण्यात शिकताना आम्ही 'व्यायाम' करत होतो कुठे? होस्टेल ते डिपार्टमेंट, तिथून मेस, मग जयकर ग्रंथालय, रात्री जेवण झाल्यावर गप्पा मारत एक लांबलचक फेरी. पाय आपोआप चालत होते. मार्च २०२० मध्ये होस्टेल रिकामं झालं आणि मी सोलापूरला घरी आले. दोन खोल्या, वर पत्रे, एप्रिल-मेचं ऊन. बाहेरच्या खोलीत आजोबा दिवसभर बातम्यांतले रुग्णांचे आकडे ऐकत बसलेले, आतल्या खोलीत स्वयंपाक. आजोबांसमोर उड्या मारायच्या की गॅसला खेटून सूर्यनमस्कार घालायचे? भाऊ निदान रात्री मित्राच्या गच्चीवर जायचा. मला कोण सोडणार?

बाहेर पडावं तर पोलीस उठाबशा काढायला लावायचे. (तेवढाच व्यायाम!) ब्रिटनने २३ मार्चला टाळेबंदी जाहीर करतानाच दिवसातून एकदा व्यायामाला बाहेर पडायची मुभा ठेवली होती. आमच्यासारख्या रेड झोनमध्ये, म्हणजे जास्त रुग्णांच्या भागात, मोकळ्यावर चालायला-पळायला परवानगी आली ती 'मिशन बिगिन अगेन'मध्ये, म्हणजे राज्याने टाळेबंदी टप्प्याटप्प्याने उठवायला घेतली तेव्हा, ३ जूनला. राज्यात दारूची दुकानं मेमध्येच उघडायला लागली होती. जिम बंदिस्त असते, ती दसऱ्यापर्यंत बंद ठेवली हे समजू शकते. मैदानाने काय घोडं मारलं होतं?

त्यात परीक्षा. राज्य सरकार म्हणतंय अंतिम वर्षाची परीक्षा नाही, यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) ६ जुलैचं पत्रक म्हणतंय घ्यायचीच. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, की परीक्षेशिवाय पदवी नाही. तोवर अभ्यास करायचा की नाही हेच कळत नव्हतं, आणि नोकरीचं तर नावच नको. या टांगणीवर कुठलं आसन असतं, ते काकांनी सांगावं.

तेव्हा सर्वेक्षणांच्या गूगल फॉर्मचा पाऊस पडला होता. "गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा बेचैन वाटलं? आठवड्यात किती मिनिटं व्यायाम केला?" भरला की ई-प्रमाणपत्र! हालचाल कमी तिथे चिंता जास्त, असं त्यातून दिसतं. पण चिंतेने ग्रासलेला माणूस अंथरुणातून उठत नाही, हेही खरंच ना? एकाच बैठकीत भरलेल्या फॉर्मवरून आधी काय झालं आणि नंतर काय, हे कसं ठरवणार? आणि 'घरात दार लावून घेता येईल अशी खोली आहे का' हा प्रश्न माझ्याकडे आलेल्या एकाही फॉर्ममध्ये नव्हता.

महासाथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्य २५ टक्क्यांनी वाढलं, तरुणांना आणि बायकांना त्याची झळ जास्त बसली, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं. सगळ्या जगाने एकदम सूर्यनमस्कार सोडले होते का?

तुमचे अनुभव जरूर लिहा. फक्त ज्यांच्या घराला स्वतःची गच्ची होती, त्यांनी कॉमेंटमध्ये प्राणायाम सुचवू नये, ही नम्र विनंती.