चावी कुणाकडे आहे, हे विचारू नये

इथेरियम या ब्लॉकचेनवरील, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून सांभाळलेल्या खातेवहीवरील, मालमत्ता सोलाना या दुसऱ्या ब्लॉकचेनवर आणि तेथून आणखी कुठे नेऊन देण्याचे आश्वासन देणाऱ्या एखाद्या नव्या ब्लॉकचेनचे टोकन, म्हणजे तिचे डिजिटल नाणे, घ्यावे असे आपल्या मनात आले असेल, तर तिचे मूल्यमापन श्वेतपत्रिकेच्या, म्हणजे संस्थापकांच्या माहितीपत्रकाच्या, मुखपृष्ठापासून सुरू करावे आणि शक्यतो तेथेच संपवावे. आतल्या पानांवर मालमत्ता पलीकडे जात नसून ती बहुधा अलीकडेच कुलूपबंद राहते व पलीकडे तिची केवळ पावती तयार होते, असले निरुत्साही तपशील असतात. कुलूप म्हटले की चावी, म्हणजे गुप्त डिजिटल संकेत, आली आणि चावी आली की ती कुणाच्या कनवटीला आहे हा प्रश्न आला. सभ्य गुंतवणूकदाराने तो विचारू नये.

अशा ने-आणीच्या व्यवस्थेला पूल म्हणतात. रोनिन या पुलाच्या नऊ चाव्यांपैकी पाच जुळल्या की तिजोरी उघडत असे आणि त्या नवांपैकी चार एकाच कंपनीकडे होत्या. यालाच विकेंद्रीकरण म्हणतात. त्या चार आणि वर एक अशा पाच चाव्या मिळवून चोरांनी २३ मार्च २०२२ रोजी १,७३,६०० इथर, म्हणजे इथेरियमची नाणी, आणि डॉलरशी किंमत बांधलेली अडीच कोटींहून अधिक डॉलरची स्थिर नाणी नेली. हे उघडकीस आले २९ तारखेला, तेही एका ग्राहकाला पैसे काढता येईनात म्हणून. गावच्या पतपेढीत पाचशे रुपयांचा फरक पडला तरी रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात. प्रगती ती हीच.

पुलाच्या संगणकीय आज्ञावलीचे लेखापरीक्षण झाले आहे का, एवढे अवश्य विचारावे. त्यानंतर किती ओळी बदलल्या, हे विचारू नये. नोमॅडच्या पुलावर एका सुधारणेनंतर खोटा संदेशही खरा ठरू लागला, तेव्हा, म्हणजे ऑगस्ट २०२२ मध्ये, पहिल्या चोराचा व्यवहार जसाच्या तसा उतरवून त्यात फक्त स्वतःचा पत्ता घालणाऱ्यांची रीघ लागली आणि सुमारे १९ कोटी डॉलर गेले. तंत्रज्ञान सामान्य माणसापर्यंत पोहोचते ते असे.

टोकनाची किंमत आज बाजारात फिरणाऱ्या संख्येनेच गुणावी. संस्थापकांची पुढे टप्प्याटप्प्याने मोकळी होणारी टोकनेही त्यात धरली, तर आकडा मोठा आणि मन लहान होते. पुलाचे शुल्क दुसऱ्याच नाण्यात भरता येत असेल, तर हे टोकन कशासाठी, या शंकेवर ते कारभारात मत देण्यासाठी आहे, असे उत्तर मिळेल. सोसायटीच्या वार्षिक सभेकडे वर्षानुवर्षे न फिरकणाऱ्या माणसाने मताधिकार विकत घ्यावा, ही जादू लहान नव्हे. नफ्यावर आपल्याकडे तीस टक्के कर आहे, तर एका टोकनातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. सरकार सुखात सहभागी होते, दुःख खासगी ठेवण्याची मुभा आहे.

इतके सांगूनही चावीविषयीचा मोह आवरत नसेल, तर मल्टिचेन या आणखी एका पुलाच्या ग्राहकांप्रमाणे धीर धरावा. जुलै २०२३ मध्ये त्यांना कंपनीच्याच निवेदनातून सर्व कळले: चाव्या प्रमुखाच्या वैयक्तिक क्लाउड खात्यात होत्या आणि प्रमुख मे महिन्यापासून चिनी पोलिसांच्या ताब्यात होते.