सर्व्हर रूममधल्या रात्री: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

फायरवॉल आणि व्हीपीएनमुळे झालेल्या तीन कर्नल पॅनिकवरच्या माझ्या लेखाखाली आपली प्रतिक्रिया वाचली. (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा; त्याला न सावरता येणारी चूक झाली की अख्खी मशीन थांबते, ते पॅनिक.) इतर वाचकांसाठी ती इथे पुन्हा देते: "कॉल ट्रेसमध्ये व्हीपीएनच्या मॉड्यूलचं नाव दिसलं की त्याच्यावर खापर फोडायचं, ही नवशिक्यांची पद्धत. रॅम तपासली का? नियम बदलताना टनेल बंद का नाही केला? सरळ वायरगार्ड का नाही वापरत? मॅडमनी सर्व्हर रूममध्ये एखादी रात्र काढली असती, तर हा लेख लिहिला नसता." (मॉड्यूल म्हणजे कर्नलला जोडलेला कोडचा तुकडा, कॉल ट्रेस म्हणजे मशीन पडली तेव्हा कर्नल कुठल्या कोडमध्ये होता त्याची यादी, टनेल म्हणजे व्हीपीएनची दोन टोकांमधली जोडणी आणि वायरगार्ड हे एक व्हीपीएन.)

जे बरोबर आहे ते आधी मान्य करते. रॅमचा उल्लेख लेखात यायला हवा होता. मेमटेस्ट, म्हणजे रॅमची तपासणी, चालवली होती, पण एकच फेरी, आणि ते लिहायचं राहून गेलं. चूक माझी.

आता ते शेवटचं वाक्य.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी मी अंधेरीच्या एमआयडीसीत तळमजल्यावरच्या सर्व्हर रूममध्ये होते. नोकरीला लागून आठ महिने झाले होते. पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा आम्ही तिघांनी यूपीएस बंद केला आणि रॅकमधून एकेक सर्व्हर काढून अंधाऱ्या जिन्याने दुसऱ्या मजल्यावर नेला. मोबाइल लागत नव्हते. लालबागला चाळीत माझी आई रात्रभर जिन्याच्या पायरीवर बसून होती. दुसऱ्या दिवशी मी चालत घरी पोचले आणि संध्याकाळी परत कामावर गेले, कारण सर्व्हर परत उभे करायचे होते.

अशा रात्री पुढे किती झाल्या ते मोजलेलं नाही. त्या काळी आमच्याकडे व्हीपीएन म्हणजे ओपनस्वॅन, आणि त्याचं क्लिप्स मॉड्यूल कर्नलच्या बाहेरचं. कर्नल बदलला की ते पुन्हा कंपाइल करायचं, आणि कंपाइल झालं म्हणजे चालेलच याची खात्री नाही. बाहेरून आणलेलं मॉड्यूल आणि नेटफिल्टर, म्हणजे कर्नलमधली फायरवॉलची यंत्रणा, एकमेकांच्या पायात पाय कसे घालतात हे मी तिथे, एसीच्या गारठ्यात स्वेटर घालून, शिकले. आणि तुम्ही विचारता, मॅडमनी एक रात्र तरी काढली का? हेच वाक्य एखाद्या पुरुषाच्या लेखाखाली तुम्ही लिहिलं असतं का, एवढंच मला सांगा. तांत्रिक चूक दाखवा, मी हात जोडून दुरुस्त करेन. माझ्या रात्रींचा हिशेब मागायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

"नाव दिसलं की खापर" हेही लेख न वाचता लिहिलंय. पहिल्या पॅनिकनंतर मशीन आपोआप रिबूट झाली, लॉगमध्ये काहीच उरलं नाही. दुसऱ्या वेळी वॉचमनकाकांनी स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढला, तो अर्धवट होता आणि त्यात दिसत होती ती नावं नेटफिल्टरची. म्हणजे मी आधी संशय घेतला तो फायरवॉलवर! दोन दिवस त्यातच गेले. मग केडम्प लावला, म्हणजे मशीन पडताना मेमरीची प्रत व्हीएमकोअर नावाच्या फाइलमध्ये जपली जाते, आणि कर्नलच्या मेमरीतल्या चुका पकडणाऱ्या स्लब डीबगचं पॉयझनिंग चालू केलं. ते चालू असलं की सोडून दिलेल्या मेमरीत कर्नल ६बी, ६बी असे बाइट भरून ठेवतो. तिसऱ्या पॅनिकच्या व्हीएमकोअरमध्ये सीपीयूचा रजिस्टर उघडून पाहिला, तर ६बी६बी६बी६बी. मेमरी सोडून दिल्यावरही कोणीतरी ती वाचत होतं.

कोण, तेही लेखात आहे. नेटफिल्टर प्रत्येक पॅकेट ठरलेल्या टप्प्यांवरच्या हुकांमधून सोडतं आणि व्हीपीएनच्या मॉड्यूलचा हुक तिथेच अडकवलेला. फायरवॉलचे नियम रीलोड झाले की टनेल नव्याने उभा राहायचा, जुन्या टनेलची मेमरी मॉड्यूल न थांबता सोडून द्यायचं, आणि दुसऱ्या सीपीयूवर वाटेत असलेलं पॅकेट नेमकं तिथेच पोचायचं. हे सॉफ्ट इंटरप्टमध्ये, म्हणजे कर्नल चालू काम अडवून पॅकेट हाताळतो तेव्हा, घडतं, म्हणून ऊप्सवर, म्हणजे चूक नोंदवून पुढे जाण्यावर, भागत नाही, अख्खी मशीन जाते. मॉड्यूल काढलं तर सगळं शांत. मॉड्यूल ठेवून रीलोड थांबवलं तरी शांत. दोन्ही एकत्र आले की काही तासांत पॅनिक. हेच मी दुसऱ्या मशीनवर, वेगळ्या रॅमवर करून पाहिलं आणि तीही त्याच इन्स्ट्रक्शनवर पडली. खराब रॅम दोन मशीनमध्ये एकाच ओळीवर बोट ठेवत नाही.

वायरगार्ड २०२० मध्ये ५.६ पासून कर्नलमध्येच आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण टनेलचं दुसरं टोक क्लायंटच्या हातात नव्हतं. रीलोडच्या आधी टनेल उतरवणारी स्क्रिप्ट लेखाच्या शेवटी दिलेली आहे, तिथपर्यंत पोचायचे कष्ट घ्या.

व्हीएमकोअर जाहीर करता येणार नाही, त्यात क्लायंटच्या मशीनची मेमरी जशीच्या तशी असते. कॉल ट्रेस आणि रजिस्टरचा मजकूर मात्र आज रात्री लेखाखाली जोडते, मेमटेस्टची नोंदही. तो वाचून हुकबद्दल काही म्हणायचं असेल तर जरूर लिहा, मी उत्तर देईन. "मॅडमनी" असं सुरू होणारं वाक्य त्यात असेल, तर ते मी छापणार नाही.