मेसेज पोचला, पण कोणाला?

‘व्हॉट्सॲप ग्रुपमुळे गावातला प्रत्येक माणूस जोडला गेला’ हे एका लेखात वाचलेलं वाक्य मला पटलं नाही. प्रत्येक म्हणजे कोण? आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, जंगलाला लागून. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं रात्रीतून गळतात, म्हणून बाया उजाडायच्या आतच टोपली घेऊन निघतात. वाघ दिसला की ग्रुपवर लगेच मेसेज येतो, हे खरं. पुण्यात कामाला गेलेल्या पोरांनाही कळतं. पण जिला वाकून फुलं वेचायची आहेत, तिच्याकडे फोनच नाही. घरातला एकुलता एक फोन नातवाच्या उशाशी असतो.

मागच्या हंगामात रात्री दहाला मेसेज आला, तलावाच्या पाळीवर वाघीण आहे. खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. पहाटे माझी मोठी आई त्याच पाळीवरून गेली. ओल्या मातीत पंजे दिसले तेव्हा टोपली तिथंच टाकून मागं फिरली. घरी आली तर तिच्या तोंडून शब्द फुटेना. पूर्वी कोतवाल डफडं वाजवत मुनादी द्यायचा, ती दारादारात पोचायची. आता मेसेज टाकला की आपलं काम झालं, असं सगळ्यांनाच वाटतं, त्या रात्री मलाही वाटलं होतं. ग्रुप बंद करा असं मी म्हणत नाही, पहिली खबर तिथंच लागते. यंदा आम्ही एवढंच ठरवलंय, मेसेज वाचणाऱ्यानं शेजारच्या दोन घरांची कडी वाजवायची, निदान मोहाच्या दिवसांत तरी.