पाळी थांबणं हीसुद्धा दुखापतच

खेळणाऱ्या मुलीची पाळी थांबली तर ती दुखापत समजा आणि तिला तशीच विश्रांती द्या. गोव्यातल्या प्रत्येक कोचला आणि आईवडिलांना मला हे हात जोडून सांगायचंय.

माझी भाची धावते. बांबोळीच्या मैदानावर सरावाला जायची. वजन उतरलं, वेळ सुधारली, कोच खूश. "हलकी झालीस, आता बघ!" मग नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली. हाडांच्या डॉक्टरांनी आधी विचारलं, पाळी येते का? कित्येक महिने आली नव्हती. मैदानावर ते सगळ्यांना माहीत होतं, पण मेहनतीचं लक्षण म्हणून!

पोटात जातं ते सगळं सरावातच खर्च झालं की शरीर बाकीच्या कामांना कात्री लावतं. इस्ट्रोजेन घटतं, पाळी थांबते, हाडं कमजोर होतात, आणि तीही नेमकी हाडं भरण्याच्या वयात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला रेड-एस, म्हणजे खेळाडूच्या शरीराला ऊर्जा कमी पडणं, हे नाव दिलं. त्यात मुलगेही येतात. आणि झटपट वजन उतरवण्याचा हट्ट तर जिवावरही बेततो: १९९७ मध्ये अमेरिकेत वजन उतरवताना तीन कॉलेज कुस्तीगीर दगावले, तेव्हा कुठे तिथले नियम बदलले. गोळ्या देऊन पाळी आणली म्हणजे झालं, असंही नाही. रक्तस्राव होतो, पण उपाशी शरीर उपाशीच राहतं.

आणि खरं सांगू? हाड लवकर सांधतं, मनातली अन्नाची भीती लवकर जात नाही. चतुर्थीला घर भरलेलं, पातोळ्या, नेवऱ्या, खतखतं, आणि सगळ्यांची नजर तिच्या पानावर. "खा गो बाय, किती सुकलीस!" बोलणारी माणसं मायेनेच बोलतात. पण जिच्या डोक्यात घासाघासाचा हिशोब चालू आहे, तिला त्या मायेनेच गुदमरायला होतं. यंदा ताईने पाहुण्यांना आधीच बजावलं, तिच्या पानाबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. पोरीने अख्खी पातोळी खाल्ली. आमच्या घरात ही फार मोठी गोष्ट होती.

बरं होणं सरळ रेषेत होत नाही. अमेरिकेची स्कीपटू जेसी डिगिन्स हिचा खाण्याच्या भीतीचा आजार (ईटिंग डिसऑर्डर) २०२३ मध्ये उलटला. तिने तो लपवला नाही, उपचार घेतले आणि त्याच मोसमात वर्ल्ड कपचं एकूण विजेतेपदही मिळवलं. असं उघडपणे बोलायची मुभा आपल्या फोंड्याच्या, पेडण्याच्या मुलींना आहे का? मला तरी दिसत नाही.

म्हणून कोच मंडळींना विनंती. चारचौघांत वजन करू नका, ग्रुपवर वजनाचे आकडे टाकू नका. ताप आहे का विचारता तितक्याच सहज पाळीबद्दल विचारा, आणि ते विचारायला एखादी बाई नेमा. निवड चाचणीआधीच्या वैद्यकीय तपासणीत हा प्रश्न सक्तीचा करा. शंका आली तर पोरीला एकटं पाठवू नका. डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ तिघेही लागतात. आपल्याकडे बांबोळीलाच मनोरुग्णालय आहे, तिथे जायला लाजू नका. फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत.