एप्रिल की ऑगस्ट? मेंढ्यांच्या स्टेशनवरील कामांविषयीच्या आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील मेंढ्यांच्या स्टेशनवर, म्हणजे मेंढ्या पाळण्याच्या विस्तीर्ण कुरणांवर, वर्षभर चालणाऱ्या कामांविषयीच्या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. मेंढ्या विण्याचा काळ मी एके ठिकाणी एप्रिल आणि दुसऱ्या ठिकाणी ऑगस्टअखेर असा दिल्यामुळे माहिती इकडून तिकडून उचललेली दिसते, हा पहिला. कुंपण, मोटरसायकल आणि हेलिकॉप्टर हाताशी असताना लोकर कातरण्याचा एक महिना सोडला तर तिथे कामच काय उरते, आणि अशा लोकांना आपल्या धनगरांच्या पंक्तीला का बसवावे, हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर असे की दोन्ही महिने बरोबर आहेत. न्यू साउथ वेल्स राज्याच्या पश्चिम भागात, बर्क आणि विल्कॅनियाच्या परिसरात, वर्षाकाठी साधारण अडीचशे ते साडेतीनशे मिलिमीटर पाऊस पडतो. तो कोणत्याही महिन्यात येतो आणि एखाद्या वर्षी येतही नाही. मृगावर भिस्त ठेवून कामे आखण्याची सोय तिथे नसल्यामुळे, लोकर कातरणाऱ्यांची टोळी कातरणीच्या शेडवर कधी येणार ती तारीख आधी ठरते आणि बाकीचे वर्ष तिच्या मागेपुढे मोजले जाते. वसंतात, म्हणजे तिकडच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, गवताची कुसळे लोकरीत आणि कातडीत शिरण्यापूर्वी कातरणी उरकावी म्हणून एखाद्याने ऑगस्ट धरला, तर मेंढीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असल्यामुळे तो नोव्हेंबरच्या मध्यास मेंढे कळपात सोडतो. मग एप्रिल-मेमध्ये मेंढ्या वितात, जूनअखेर कोकरांचे कान टोचणे, शेपूट छाटणे, नरांना खच्ची करणे आणि लस देणे ही कामे होतात, आणि कातरणीसाठी कळप गोळा होतोच, तेव्हा कोकरे आयांपासून तोडली जातात. त्याच्याच शेजाऱ्याला मार्चमधली टोळी मिळाली असेल, तर मार्चअखेर मेंढे सोडून ऑगस्टअखेर त्याची कोकरे जन्मतात. दोघांची वर्षे आपापल्या जागी सुसंगत असतात.

आता काम कुठे असते, ते सांगतो. ते मुख्यतः पाण्यात असते. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर गेला की कोरडा चारा खाणारी एक मेंढी दिवसाला दहा लिटरपर्यंत पाणी पिऊ शकते. एका कुंपणात दोन हजार मेंढ्या असतील तर रोजचे वीस हजार लिटर झाले. बोअरमधून डोणीत येणाऱ्या पाण्याचा बॉलकॉक (डोण भरली की पाणी बंद करणारी तरंगती तोटी) अडकला, पाइप फुटला किंवा टाकी गळली आणि ते दोन दिवस कोणाला कळले नाही, तर तिसऱ्या दिवशी मेलेल्या मेंढ्याच मोजाव्या लागतात. म्हणून नोव्हेंबर ते मार्च स्टेशनवरचा माणूस दर एक-दोन दिवसांनी डोण्यांची फेरी करतो, आणि ही फेरी काही वेळा शंभर किलोमीटरहून लांब असते. जमिनीत खणलेले तलाव आटू लागले की अशक्त मेंढ्या काठच्या गाळात रुततात, त्यांना एकेक करून ओढून काढावे लागते. पाऊस आला तर सुटका, असे आपल्याला वाटेल. पण उबदार दिवसांत ओली लोकर म्हणजे माश्यांना आमंत्रणच, आणि ढुंगणाच्या दमट लोकरीत अळ्या पडलेली मेंढी वेळेत सापडली नाही तर काही दिवसांत मरते. कातरणीच्या साधारण सहा महिने आधी-नंतर फक्त मागची लोकर काढण्याची जी वेगळी फेरी होते, ती याचसाठी. शेपूट छाटण्यामागेही हेच कारण आहे, मग ते आपल्याला कितीही क्रूर वाटो.

कातरणीचा महिना त्यामानाने शिस्तीचा असतो: दोन-दोन तासांच्या चार पाळ्या, मधे अर्ध्या तासाची विश्रांती आणि दुपारचे जेवण, मजुरी मेंढीच्या नगावर. मेंढ्या ओल्या असल्याची शंका आली की प्रत्येक कातरणारा दोन मेंढ्या कातरतो आणि मग गुप्त मतदान होते. बहुमत ‘ओली’ असे पडले तर शेड थांबते. मालक त्यात बोलू शकत नाही, आणि ते मला रास्त वाटते.

राहिली यंत्रे. लोकरीला आधारभाव देणारी तिथली योजना फेब्रुवारी १९९१ मध्ये कोसळली, तेव्हा सुमारे ४७ लाख गाठी विक्रीविना पडून होत्या. त्या सुमारास देशात सतरा कोटींच्या आसपास मेंढ्या होत्या, आज सात कोटींच्या आसपास आहेत. भाव गेला तसे गडी ठेवणे परवडेनासे झाले, आणि पूर्वी घोड्यावरून कुंपण तपासणाऱ्या नोकरांचे काम आता बहुतेक ठिकाणी नवरा, बायको आणि एखादा मदतनीस करतात. मोटरसायकल त्यांच्याकडे आहे ती हात कमी पडतात म्हणून.

धनगराशी बरोबरी मी लेखात केली नव्हती, आताही करत नाही. तो कळपाबरोबर चालतो आणि प्रत्येक मेंढी रोज त्याच्या नजरेखालून जाते. स्टेशनवरच्या माणसाला मात्र एखादी मेंढी वर्षातून तीन-चारदाच जवळून दिसते, त्यामुळे दोघांचे कष्ट एकाच मापाने मोजता येणार नाहीत. पण ‘अकरा महिने बसून खातात’ हे आपले वाक्य मात्र मला मान्य नाही.