मरावे परी गुणकरूपे उरावे

पुण्यात दुचाकी चालवता म्हणजे अपघाती मृत्यूच्या भरपाईचा विषय आज ना उद्या तुमच्या घरी निघणारच. ऐनवेळी घरच्यांची धावपळ नको, म्हणून थोडं मार्गदर्शन. कसं जगावं याचे क्लास आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. घरच्यांना परवडेल असं मरायला मात्र कोणी शिकवत नाही.

पहिलं पथ्य वयाचं. सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली सरला वर्मा खटल्यात एक तक्ता घालून दिला. मृताच्या वर्षाच्या कमाईतून त्याचा स्वतःचा खर्च वजा करायचा आणि उरेल त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचं. पंचविशीपर्यंत गुणक 18, सव्विसाव्या वर्षापासून 17. सव्विसाव्या वाढदिवसाला मित्र टाळ्या पिटतात तेव्हा केकबरोबर तुमची एक वर्षाची कमाईही कापली जात असते. पन्नाशीनंतर तर जिना एकदम दोन पायऱ्या उतरतो, 13 वरून 11. पासष्टीनंतर सगळ्यांना सरसकट 5. तेव्हा सारसबागेला निघालेल्या आजोबांनी रस्ता ओलांडायची घाई करू नये. तुमचा भाव आता याहून पडायचा नाही.

दुसरं, लग्न करून टाका. अविवाहित माणूस निम्मी कमाई स्वतःवरच उडवतो असं धरलं जातं. (फर्ग्युसन रस्त्यावरची संध्याकाळ पाहता याला आक्षेप घेता येत नाही.) लग्न झालेला, मागे दोन-तीन माणसं असलेला असेल तर वजावट एक तृतीयांश. आता 25 वर्षांचा, कायम नोकरीतला, 30 हजार पगाराचा मुलगा घ्या. 2017 च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे, पुढे पगार वाढला असता म्हणून 50 टक्के जास्त धरायचे, म्हणजे महिना 45 हजार. सडाफटिंग असेल तर 48 लाख 60 हजार. बायको आणि आई मागे असतील तर 64 लाख 80 हजार. फरक 16 लाख 20 हजार. इतक्यात लॉनवरचं लग्न, बस्ता आणि जेवणावळीसकट निघतं. स्थळ बघताना मुलीकडचे पॅकेज विचारतात, गुणक कोणीच विचारत नाही, हा त्यांचा अडाणीपणा.

तिसरं, कागद. चाळिशीच्या आतल्या कायम नोकरीवाल्याला 50 टक्के वाढ, स्वतःचा धंदा असेल तर 40. पण हे 40 तरी कशावर मोजणार? आयकर विवरण नाही, वहीखातं नाही, गल्ल्यातली रोकड संध्याकाळी खिशात. पुरावा नसला की न्यायालय अंदाज बांधतं आणि तो बऱ्याचदा किमान वेतनाच्या आसपास घुटमळतो. जिवंतपणी इन्कम टॅक्सपासून लपलेला, तेजीतला वडापाववाला मेल्यावर कागदोपत्री अकुशल मजूर होतो.

चौथं, धडकणारं वाहन पारखून घ्या. नवले पुलाच्या उतारावर ब्रेक गेलेला ट्रक मागून येताना दिसला, तर आधी नंबर वाचा, मग विम्याची मुदत विचारा आणि चालकाकडे जड वाहनाचं लायसन्स आहे ना याची खात्री करा. मगच पडा. ठोकून पळून जाणाऱ्याच्या वाट्याला तर मुळीच जाऊ नका. तो सापडला नाही तर सरकारी योजनेतून 2 लाख मिळतात, आणि 1 एप्रिल 2022 च्या आधी मेला असतात तर 25 हजारांवर भागलं असतं. गाडी भारी असली की भरपाईही भारी, हा गैरसमजही काढून टाका. कल्याणीनगरला 19 मे 2024 च्या पहाटे पोर्शेखाली दोघं गेले, तेव्हा अल्पवयीन चालकाला जामिनाची अट म्हणून 300 शब्दांचा निबंध सांगितला होता. नंतर तो आदेश फिरला, ती गोष्ट वेगळी. पण तक्त्यात उडवणाऱ्याच्या गाडीच्या किमतीला रकानाच नाही. रकाना आहे तो उडालेल्याच्या पगाराला.

हेल्मेट न घालणं हा पुणेकराचा जन्मसिद्ध हक्क आहे, हे मान्य. फक्त समोरचा वकीलही तो आनंदाने मान्य करतो आणि ‘मृताचीही चूक होती’ म्हणून रक्कम कमी करून मागतो.

दिवसकार्य उरकलं की घरच्यांनी थेट शिवाजीनगर कोर्ट गाठावं. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली. वर्षश्राद्धापर्यंत रडत बसायची सोय ठेवली नाही. एफआयआर, पंचनामा, पोस्टमॉर्टेम, पगाराच्या स्लिपा. अस्थी विसर्जन करा, स्लिपा करू नका.

प्रेमाचेही पैसे मिळतात. सहवासाला मुकल्याबद्दल 40 हजार, वैकुंठातल्या खर्चाला 15 हजार, आणि दर तीन वर्षांनी 10 टक्के वाढ. आधी हे सहवासाचे पैसे मुख्यतः जोडीदारापुरते समजले जात. आईबाप आणि मुलांनाही सहवास असतो हे 2018 साली सर्वोच्च न्यायालयाला वेगळं सांगावं लागलं.

बायकोने मागे कसं राहावं, याचीही काळजी घ्यायला माणसं आहेत. एका विधवेने पुन्हा लग्न केलं, मग आता तिला भरपाई कशाला, असा मुद्दा घेऊन एक विमा कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. भरपाईसाठी बाईने जन्मभर विधवाच राहावं अशी अपेक्षा धरता येत नाही, असं न्यायालयाने 2023 साली ऐकवलं. अपघाती मृत्यूबद्दल वारसांना दावा लावू देणारा कायदा 1855 चा, विधवाविवाहाचा 1856 चा. कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं 1893 साली. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर आपण रोज सिग्नलला तुंबतो, आणि पुनर्विवाह म्हणजे विमा कंपनीला सूट, ही युक्ती आपल्यापैकी एकालाही सुचली नाही.

शेवटचं म्हणजे, आईला मरू देऊ नका. परवडत नाही. मोटार वाहन कायद्याच्या 1994 च्या परिशिष्टात गृहिणीची कमाई नवऱ्याच्या एक तृतीयांश धरली होती. 2001 साली लता वाधवा खटल्यात महिना 3 हजार धरली. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी पाहणीच दाखवली: बायका बिनपगारी घरकामात दिवसाला 299 मिनिटं घालवतात, पुरुष 97. तरीही निकालात येणारा शब्द ‘काल्पनिक उत्पन्न’. पोळ्या खऱ्या, उत्पन्न काल्पनिक.

हे सगळं वाचून मी अप्पा बळवंत चौकातून एक हजेरीपट आणला, ओट्याशेजारी टांगला आणि आईला म्हटलं, रोज वेळ लिहून सही करत जा, 299 मिनिटं भरली पाहिजेत. ती म्हणाली, “दिवसाची? तेवढी तर तुझ्या डब्यापर्यंतच होतात.” दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पहिल्या पानावर दुधाचा हिशेब लिहिलेला होता, सहीसकट. सही दूधवाल्याची.