कोणी कोणासाठी थांबायचे

मे महिन्यातील दुसरा शनिवार होता. आमच्या वरच्या मजल्यावरील फ्लॅटला लागून असलेल्या छोट्या गच्चीतून मागच्या पावसाळ्यात पाणी झिरपले होते, म्हणून जुना कोबा फोडून राडारोडा खाली उतरवण्यासाठी सकाळी गिरणाऱ्याहून दोन माणसे आणली होती. नाशिकच्या गंगापूर रोडला राहणाऱ्या अनेकांना गिरणारे म्हणजे रविवारी भाजी घ्यायला जाण्याचे किंवा फार तर शेतातील हुरड्याचे गाव वाटते. प्रत्यक्षात तेथे रोज सकाळी मजुरांचा बाजार भरतो. हरसूल, पेठ आणि त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवरून आदिवासी स्त्री-पुरुष अंधारातच निघून तेथे येऊन उभे राहतात, शेतकरी आणि ठेकेदार पिकअप घेऊन येतात, आणि ‘किती माणसं?’, ‘काम काय?’ एवढ्या दोन प्रश्नांत त्यांचा तो दिवस ठरतो. बाजार हा शब्द माझा नाही, तेथील लोकच तो वापरतात.

आमच्याकडे आलेल्यांपैकी एक साधारण पन्नाशीचे काका होते आणि दुसरा त्यांचा पुतण्या. त्यांनी आठशे रुपये रोज सांगितला, मी घासाघीस करून सातशेवर आणला. (त्या शंभर रुपयांचे पुढे काय केले हे मला आज आठवत नाही, त्यामुळे ते वाचवणे किती गरजेचे होते याचा अंदाज यावा.) भर उन्हात दोघांनी काम केले आणि साडेचारला गच्ची झाडून हातपाय धुऊन ते दाराशी आले. माझी बँकेची आढावा बैठक सुटीच्या दिवशीही ऑनलाइन चालू होती. घरात रोख रक्कम नव्हती. काकांकडे बटणांचा मोबाइल होता आणि पुतण्याचे खाते केवायसीअभावी बंद पडलेले होते. मी म्हणाले, ‘दहा मिनिटं थांबा, मीटिंग संपली की एटीएममधून आणून देते.’

काका म्हणाले, ‘ताई, साडेपाचची गाडी आहे.’

मी मान हलवली आणि पुन्हा लॅपटॉपसमोर बसले. बैठक संपायला सहा वाजून गेले. एटीएममधून पैसे काढून मी परत आले तेव्हा सहा वाजून वीस मिनिटे झाली होती आणि ते दोघे फाटकाबाहेर फुटपाथच्या कडेला बसले होते. आत वॉचमनच्या केबिनशेजारी सिमेंटचे बाक आहे, ते रिकामे होते, पण सोसायटीच्या नियमानुसार काम संपलेल्या माणसाने आवारात रेंगाळायचे नसते. काकांनी नोटा मोजल्या, कपाळाला लावल्या आणि खिशात ठेवल्या. मी विचारले, ‘आता कसे जाल?’ ते म्हणाले, ‘गिरणाऱ्यापर्यंत जाऊ, पुढं काळीपिवळी मिळाली तर बघू.’ त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. माझी गाडी खाली उभी होती आणि किल्ली वर होती. मी वर गेले आणि खाली आले नाही.

या प्रसंगावर मी बरेच दिवस विचार करते आहे. श्रीमंत आणि गरीब यांच्यातील दरीबद्दल आपण बोलतो तेव्हा घर, गाडी, कपडे, मुलांच्या शाळा यांची तुलना करतो, आणि त्या तुलनेत आपल्याला स्वतःपुरती एक सोयीची पळवाटही सापडते की आपण काही फार श्रीमंत नाही, आपल्यावरही कर्जाचे हप्ते आहेत. परंतु रोजच्या व्यवहारात ही दरी मला सर्वांत स्पष्ट दिसते ती वाट पाहण्यात. कोणी कोणासाठी थांबायचे हे आपल्या शहरात आधीच ठरलेले असते, आणि थांबणाऱ्याच्या वेळेची किंमत शून्य धरलेली असते. सातशे रुपयांची मी घासाघीस केली, कारण त्यांच्या श्रमाला निदान काही एक दर आहे हे मला मान्य होते. त्या दोघांच्या जवळजवळ दोन तासांना मात्र दर असू शकतो, हे माझ्या मनातही आले नाही.

मी बँकेत अधिकारी आहे, त्यामुळे हे चित्र काउंटरच्या आतल्या बाजूने रोज पाहते. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे जुलै आणि ऑगस्टचे मिळून ३,००० रुपये खात्यांत जमा होऊ लागले, तेव्हा शटर वर जाण्यापूर्वीच आमच्या शाखेबाहेर बायकांची रांग लागलेली असे. त्यातील कित्येकींना पैसे काढायचेही नव्हते, ते आले आहेत की नाही एवढेच त्यांना हवे होते, कारण खात्याला जोडलेला मोबाइल नवऱ्याचा असे किंवा केव्हाच बंद झालेला असे. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच जात असल्यामुळे अनेकींची रक्कम कधीतरी उघडून विसरलेल्या भलत्याच बँकेतील खात्यात पडलेली होती, आणि हे कळण्यासाठी त्यांना दोन-तीन बँकांच्या रांगा पालथ्या घालाव्या लागत होत्या. एक बाई तीन वेळा आल्या. प्रत्येक वेळी त्यांचा रोज बुडाला. महिन्याच्या पंधराशे रुपयांसाठी त्यांनी किती रुपये गमावले याचा हिशोब मी मनातल्या मनात केला आणि पुढच्या बाईचे पासबुक छापायला घेतले. त्याच आठवड्यात मोठ्या मुदत ठेवी असलेले एक ग्राहक केबिनमध्ये आले होते. त्यांच्यासाठी चहा आला, आणि साहेबांचा फोन चालू असल्याने त्यांना जेमतेम चार मिनिटे बसावे लागले, त्याबद्दल साहेबांनी त्यांची दोनदा क्षमा मागितली. काचेपलीकडील रांगेची क्षमा मागावी असे आमच्यापैकी कोणालाही सुचले नाही, मलाही नाही. त्या बायका मात्र जाताना ‘तुमचा फार वेळ घेतला’ असे आम्हालाच म्हणत होत्या.

हे नेहमीच असे होते का? माझे बालपण सिडकोतील छोट्या घरात गेले आणि वडील सातपूरच्या एका कारखान्यात होते. १९८० च्या दशकात आमच्या घरात वाट पाहणे हा जगण्याचा भागच होता. स्कूटरसाठी नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबायचे, टेलिफोनसाठी अर्ज करून विसरून जायचे, गॅसचा नंबर लागला की शेजाऱ्यांना पेढे द्यायचे आणि रॉकेलच्या रांगेत डबा ठेवून घरी येऊन जेवायचे. ‘नंबर लागला’ हा शब्दप्रयोग त्या काळात शुभवार्ता सांगायला वापरत असत. त्या रांगा काही आनंदाच्या नव्हत्या आणि त्या दिवसांचे गोडवे गाण्याची मला हौस नाही. एवढेच लक्षात येते, की त्या रांगेत शिक्षक होते, कारकून होते, प्रेसमधील कामगार होते, म्हणजे अर्ज लिहू शकणारी, वर्तमानपत्राला पत्र पाठवणारी आणि नगरसेवकाला नावाने हाक मारणारी माणसे होती. रॉकेल आले नाही तर आरडाओरड करणारे कोणीतरी रांगेत असे.

१९९१ नंतर आम्ही एकेका रांगेतून बाहेर पडत गेलो. स्कूटर दुकानातून त्याच दिवशी मिळू लागली, टेलिफोन खिशात आला, मुले खासगी शाळेत गेली, सरकारी दवाखान्याऐवजी विमा आला. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि टोलनाक्यावरील थांबणेही जवळजवळ संपले. समृद्धी महामार्गाचा इगतपुरीच्या पुढचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि मुंबई ते नागपूर हे ७०१ किलोमीटरचे अंतर आठ तासांत कापता येऊ लागले. त्र्यंबकेश्वरला दोनशे रुपये देणगी देऊन मी स्वतः दर्शनाची रांग टाळलेली आहे, आणि त्या वेळी आपण देवालाही काही सुचवतो आहोत असे मला मुळीच वाटले नाही. आम्ही बाहेर पडल्यावर उरलेल्या रांगा लहान झाल्या नाहीत. त्यांतून आवाज तेवढा निघून गेला.

याचे सर्वांत ठळक उदाहरण एसटीच्या संपाचे आहे. २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला तो संप एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या योग्य होत्या की अयोग्य, हा येथे मुद्दा नाही. पाच महिन्यांहून अधिक काळ राज्यातील बहुतेक लाल गाड्या आगारांत उभ्या होत्या आणि आमच्या सोसायटीतील एकाही कुटुंबाचे वेळापत्रक त्यामुळे हलले नाही. आमच्याकडे भांडी-धुणे करणाऱ्या ताईंची बहीण पेठ तालुक्यात राहते. तिच्या मुलीचे अकरावीचे वर्ष त्या काळात जवळजवळ वाया गेले, कारण कॉलेजला जाण्याचे दुसरे साधनच नव्हते. हे मला संप मिटल्यानंतर वर्षभराने बोलता बोलता कळले. ताईंची आमच्या घरी रोजची ये-जा आहे, त्या माझ्या स्वयंपाकघरात माझ्यापेक्षा अधिक वेळ उभ्या असतात, तरी ही बातमी माझ्यापर्यंत यायला वर्ष लागले.

पेठ आणि सुरगाणा या तालुक्यांत नाशिक शहराच्या दुपटीहून अधिक पाऊस पडतो. तो नार, पार, दमणगंगेतून पश्चिमेकडे वाहून जातो आणि उन्हाळ्यात तेथील बायका विहिरीच्या तळाशी पाणी पाझरण्याची वाट पाहत रात्री बसतात. वाटीने हंडा भरायचा, मग पुढची बाई. आमच्याकडे सोसायटीच्या पंपात बिघाड होऊन एक सकाळ पाणी आले नाही, तर व्हॉट्सअ‍ॅप गटावर तासाभरात साठ-सत्तर संदेश पडतात आणि अध्यक्षांचा राजीनामा मागितला जातो. (एकदा तो दिलाही गेला.) त्याच पट्ट्यातील कुटुंबे दिवाळीच्या आसपास उचल घेऊन दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत येतात, विरळणी आणि डिपिंगची (घड द्रावणात बुडवण्याची) कामे करतात, खुडणी उरकली की परततात किंवा शहरात बांधकामावर येतात. परदेशी जाणारा प्रत्येक घड त्यांच्या हातांखालून गेलेला असतो. त्या घडाच्या प्रवासाचे वेळापत्रक तासांत मोजलेले असते, शीतगृहाचे तापमान अंशांत पाळलेले असते. ज्यांनी तो खुडला त्यांना गावी नेणारा पिकअप मात्र मुकादमाला वेळ होईल तेव्हा येतो.

यावर नेहमी एक उत्तर येते की आम्ही कष्ट केले म्हणून आम्हाला मिळाले. माझ्या वडिलांनी कष्ट केले हे खरेच आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. परंतु त्यांच्या कष्टांना वेळेवर सुटणारी पाळी होती, भोंगा होता, ठरावीक तारखेला होणारा पगार होता आणि उशीर झाला तर ओव्हरटाइमचा हक्क होता. त्या व्यवस्थेत त्यांचा वेळ मोजला जात होता, म्हणून त्यांना त्यातून काही शिल्लक टाकता आले, संध्याकाळी आमचा अभ्यास घेता आला. गिरणाऱ्याच्या बाजारात उभे राहणाऱ्या माणसाचे कष्ट वडिलांपेक्षा कमी आहेत असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. त्याच्या दिवसाला भोंगा नाही, एवढाच फरक मला दिसतो.

मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा मोर्चा नाशिकहून निघाला तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभी राहून तो पाहिला होता. सुरगाण्याकडील हजारो आदिवासी शेतकरी त्यात होते. वनजमिनींच्या हक्काचा कायदा २००६ मध्ये झाला होता आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी ते इतकी वर्षे कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर थांबलेले होते. सुमारे १८० किलोमीटर चालून ११ मार्चला ते मुंबईत पोहोचले. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. सकाळी मोर्चा निघाला असता तर मुलांना केंद्रावर पोहोचायला उशीर झाला असता, म्हणून दिवसभर चालून आलेली ती माणसे रात्रीच उठली आणि पहाट होण्यापूर्वी आझाद मैदानावर जाऊन बसली. त्यांच्या सोलवटलेल्या पायांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली आणि हळहळले. मला मात्र त्या रात्रीच्या चालण्याचे अधिक नवल वाटते. दुसऱ्याच्या मुलाचे अर्धा-पाऊण तास मोलाचे आहेत हे त्यांनी ओळखले. साडेपाचच्या गाडीचे मोल मला सांगितल्यावरही कळले नव्हते.

गच्चीच्या कामात एक कोपरा राहून गेला होता. गेल्या आठवड्यात पुन्हा ओल दिसू लागली, तेव्हा मी काकांना फोन केला. निघताना त्यांनी नंबर दिला होता, पण मी त्यांचे नाव विचारले नव्हते, त्यामुळे माझ्या मोबाइलमध्ये तो ‘गच्ची’ या नावाने आहे. त्यांनी मला आवाजावरून ओळखले. काम ऐकून घेतले आणि मग अगदी सावकाश विचारले, ‘पैसे रोख असतील ना ताई? आन् पाचला सोडाल?’ मी दोन्हीला हो म्हणाले, आठशेच देईन असेही सांगितले. ‘बघतो,’ ते म्हणाले.

रविवारी पाकिटात आठशे रुपये घालून मी सकाळी सातपासून तयार होते. चहाचे आधण दोनदा ठेवले, दर थोड्या वेळाने गॅलरीतून फाटकाकडे पाहत राहिले. आठ वाजता फोन लावला, तर तो बंद होता. नऊ वाजता मला राग आला. साडेदहापर्यंत कोणीही आले नाही.